घरातलं वायर्ड नेटवर्क: आधी केबल, मग सेटिंग्ज

घरात केबलचं नेटवर्क टाकताना बहुतेकांचा गोंधळ होतो तो कामाच्या क्रमात. केबल घाईघाईने ओढली जाते, टोकांना प्लग लागतात, केसिंग पट्टीचं झाकण बसतं किंवा भिंत बुजवली जाते, आणि मग नेट रखडायला लागलं की माणूस राउटरच्या सेटिंग्जमध्ये शिरतो. तिथे तासन्‌तास घालवूनही काही हाती लागत नाही, कारण दोष असतो एखाद्या प्लगमध्ये नीट न टेकलेल्या तारेत.

म्हणून इथे काम तळापासून वर नेलं आहे. नकाशा, सामान, केबल, टोकं, चाचणी, त्यानंतर उपकरणं आणि सगळ्यात शेवटी सेटिंग्ज. महत्त्वाच्या टप्प्यांच्या शेवटी तपासणी आहे. ती पार पडल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नका. सुटलेला दोष पुढच्या टप्प्यावर वेगळंच रूप घेऊन समोर येतो आणि मग तो शोधणं फार कठीण जातं.

## टप्पा १: कागदावर नकाशा काढा

घराचा साधा आराखडा काढा. इंटरनेटची लाइन घरात कुठे येते, म्हणजे फायबरचा ओएनटी (फायबरची लाइन जिथे संपते तो डबा) किंवा मोडेम कुठे आहे, ते आधी मांडा. त्याच्या जवळ राउटर आणि नेटवर्कचा स्विच, म्हणजे अनेक केबल एकत्र जोडणारा डबा, येतील. मग जिथे जिथे पॉइंट हवा आहे त्या जागा मांडा. डेस्कटॉप, टीव्ही, गेमिंग कन्सोल, प्रिंटर, नेटवर्क स्टोरेज अशी एका जागी बसणारी यंत्रं केबलवर घ्यावीत. वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारं यंत्र, लोक विसरतात. लांबच्या खोलीत वायफाय पोचवायचं असेल तर तिथल्या अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत केबल नेणं हाच सर्वात भरवशाचा उपाय आहे.

इथली मोठी चूक विजेच्या वायरिंगच्या सवयीतून येते. विजेत एका पॉइंटवरून पुढच्या पॉइंटला लूप घेतात. नेटवर्कमध्ये तसं चालत नाही. प्रत्येक पॉइंटपासून स्विचपर्यंत स्वतंत्र, अखंड केबल जायला हवी. मधे जोड नको, फाटा नको.

शक्य तिथे प्रत्येक पॉइंटला दोन केबल टाका. सगळी मेहनत मार्ग करण्यात जाते, त्याच मार्गातून दुसरी केबल नेणं सोपं असतं, आणि एक निकामी झाली तर दुसरी हाताशी राहते.

पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, हेही आत्ताच मोजा. आठ पोर्टच्या स्विचचा एक पोर्ट राउटरकडे जातो, उरतात सात. प्रत्येक मार्गाची लांबी भिंतीच्या कडेकडेने, चढ-उतारासकट मोजा आणि दोन्ही टोकांना शिल्लक धरा. स्विचपासून यंत्रापर्यंतची एकूण मर्यादा १०० मीटर आहे: भिंतीतली पक्की केबल ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तयार छोट्या केबल) मिळून १०.

तपासणी: नकाशावरच्या प्रत्येक पॉइंटला क्रमांक आहे का? प्रत्येक क्रमांकापुढे लांबी लिहिली आहे का?

## टप्पा २: सामान निवडा

घरासाठी कॅट ६ ('कॅट' म्हणजे केबलची कॅटेगरी) प्रकारची, शिल्डिंग (धातूचं आवरण) नसलेली साधी केबल पुरेशी आहे. कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग व्यवस्थित देते, त्यामुळे आधीच टाकलेली चांगली कॅट ५ई उपटून काढण्याची गरज नाही. १० गिगाबिट कॅट ६ वर साधारण ५५ मीटरपर्यंत चालतो, पूर्ण १०० मीटरला कॅट ६ए लागते. शिल्डेड केबलच्या मोहात पडू नका. तिचं शिल्ड नीट अर्थिंगला जोडलं नाही तर त्या जास्तीच्या खर्चाचा उपयोग होत नाही, आणि ती वळवायला व टोकं बसवायला अधिक त्रासदायक असते.

खरी काळजी घ्यायची ती धातूची. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबलही मिळते. तिच्या खोक्यावर अनेकदा 'सीसीए' असं लिहिलेलं असतं, कधी लिहिलेलंही नसतं. अ‍ॅल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के असते. शिवाय ती तार ठिसूळ, दोन-चारदा वाकवली की तुटते. केबलमधूनच वीज घेणारे कॅमेरे किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट जोडले तर ती जास्त तापते. ओळखायला सोपी आहे: एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी रंग दिसला तर ती केबल परत करा. शुद्ध तांबं आतपर्यंत तांबडंच दिसतं. खोकंही हातात घेऊन बघा, तेवढ्याच लांबीच्या तांब्याच्या केबलपेक्षा सीसीएचं खोकं चांगलंच हलकं लागतं.

दुसरा फरक तारेच्या बांधणीचा. भिंतीतल्या केबलमध्ये प्रत्येक तार एकसंध असते. पॅच कॉर्डमध्ये ती अनेक बारीक तारांची, लवचीक असते. भिंतीत पॅच कॉर्ड पुरू नका. प्लग घेतानाही तो एकसंध तारेसाठी आहे ना आणि तुमच्या केबलच्या जाडीला बसतो ना, हे पाकिटावर वाचून घ्या. कॅट ६ ची तार कॅट ५ई पेक्षा सहसा जाड असते आणि जुन्या प्लगच्या खाचेत शिरत नाही.

स्विच साधा, अनमॅनेज्ड (सेटिंग्ज कराव्या न लागणारा) आणि गिगाबिट घ्या. राउटरच्या पोर्टचा वेगही पाहा. काही स्वस्त राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. त्यावर ३०० मेगाबिटचं कनेक्शन घेतलं तरी केबलवर १०० च्या आतच मिळेल आणि दोष विनाकारण इंटरनेट कंपनीच्या माथी जाईल.

अवजारांमध्ये स्ट्रिपर (आवरण काढायला), क्रिम्पिंग टूल (प्लग दाबून पक्का करायला), पंच-डाउन टूल (तारा खाचेत दाबायला), केबल टेस्टर आणि पक्क्या शाईचा मार्कर लागेल. टेस्टर वगळून काम करू नका.

## टप्पा ३: केबल ओढा

इशारा: विजेच्या बोर्डाजवळ ड्रिल मारण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. नेटवर्कची केबल विजेच्या वायरच्या पाइपमधून कधीही नेऊ नका. तो प्रश्न फक्त सिग्नलचा नाही, जिवाचा आहे.

विजेच्या वायरला समांतर जायचं असेल तर निदान २० सेंटिमीटर अंतर ठेवा. ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

ओढण्याआधी केबलच्या टोकावर क्रमांक लिहा. ओढून झाल्यावर कापताना तोच क्रमांक दुसऱ्या टोकावर लिहा. हे "नंतर करू" म्हणून राहून जातं आणि मग स्विचपाशी दहा सारख्याच केबल लोंबत असतात. क्रमांक टोकापासून वीत-दीड वीत आत लिहा, नाहीतर टोक कापताना तोही कापला जाईल.

ओढताना झटके देऊ नका. या केबलमध्ये आठ तारा दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्यांत असतात. अशा केबलवर साधारण ११ किलोपेक्षा जास्त ताण येऊ नये. त्यापुढे आतल्या जोड्यांचे पीळ ताणले जातात. बाहेरून काही दिसत नाही, पण वेग मात्र बिघडतो. केबल अडली तर मागून एकाने सोडत जावं आणि पुढून दुसऱ्याने ओढावं. वळण केबलच्या जाडीच्या किमान चौपट त्रिज्येचं ठेवा, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर. केबलला मुडपा पडला तर तो सरळ करून पुढे जाऊ नका, तेवढा भाग कापून टाका. केबल बांधायच्या पट्ट्यांनी आवळताना केबल हाताने फिरवता आली पाहिजे. आवळून चपटी झाली तर समजा जास्त झालं.

भिंतीतल्या डब्यात वीतभर आणि स्विचच्या जागी निदान एक मीटर केबल शिल्लक ठेवा. टोक दोन-तीनदा पुन्हा करावं लागेल असं धरूनच चाला.

दोन वेगळ्या इमारतींमध्ये, म्हणजे घर आणि आवारातली दुसरी खोली यांच्यात, उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका. जवळपास वीज पडली तर तिच्यातून आलेला विजेचा दाब दोन्हीकडची उपकरणं जाळू शकतो. तिथे फायबर वापरा.

तपासणी: प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांवर एकच क्रमांक आहे का? पट्टीचं झाकण आणि भिंत अजून उघडी आहे ना? ती टप्पा ५ संपेपर्यंत उघडीच राहू द्या.

## टप्पा ४: टोकं बसवा

इथे घाई करू नका. घरगुती नेटवर्कमधले माझ्या पाहण्यातले बहुतेक दोष याच टप्प्यावर जन्मलेले असतात.

आधी एक निर्णय. भिंतीतल्या केबलला थेट प्लग लावू नका, जॅक (भिंतीवरची प्लग खोचायची खोबण) बसवा, आणि जॅकपासून यंत्रापर्यंत तयार पॅच कॉर्ड वापरा. जॅकमध्ये तारा खाचेत दाबून बसवायच्या असतात, खाचांवर रंग छापलेले असतात आणि एकसंध तार हलत नसल्यामुळे तुटत नाही. प्लग लावण्यापेक्षा हे सोपंही आहे.

जॅकवर रंगांच्या दोन रांगा असतात, ए आणि बी. कोणतीही चालते, पण घरभर एकच. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी हे टाळा. इथे बी धरू. तिचा क्रम असा:

1. पांढरा-नारिंगी
2. नारिंगी
3. पांढरा-हिरवा
4. निळा
5. पांढरा-निळा
6. हिरवा
7. पांढरा-तपकिरी
8. तपकिरी

तिसऱ्या आणि सहाव्या जागेकडे नीट पाहा. हिरवी जोडी फुटून निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना बसली आहे. अनेकांना हे खटकतं. मग ते नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावतात आणि दोन्ही टोकांना तेच करतात. "दोन्हीकडे सारखं असलं की झालं" हा समज इथे घात करतो. अशा केबलवर टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात. पण यंत्राच्या दृष्टीने ३ आणि ६ ही एक जोडी आहे, आणि आता त्या दोन तारा दोन वेगवेगळ्या पिळांमध्ये विभागल्या गेल्या. पिळाचं काम बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट रद्द करणं. ते थांबतं, लिंक (दोन यंत्रांमधली जोडणी) तुटत-जुळत राहते, लांब केबलवर तर लागतच नाही. टेस्टर सगळं ठीक सांगतो, त्यामुळे हा दोष आठवडेच्या आठवडे सापडत नाही.

जॅक बसवताना वरचं आवरण तीन-चार सेंटिमीटर काढा. आतल्या एखाद्या तारेला ब्लेड लागून खाच पडली असेल तर तेवढं टोक कापून पुन्हा करा. पीळ खाचेच्या अगदी जवळपर्यंत राहू द्या, १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. प्रत्येक तार पंच-डाउन टूलने एका दाबात बसवा. टूलची कापणारी बाजू बाहेरच्या दिशेला आहे ना, ते दाबण्याआधी बघा. उलटी धरली तर आतली कामाची तारच कापली जाते.

कुठे प्लग लावावाच लागला, उदाहरणार्थ छतावरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला, तर असं करा. तारा क्रमाने लावून अंगठा आणि तर्जनीत सपाट धरा, मागे-पुढे हलवून सरळ करा आणि मग सगळ्या एका रेषेत १२-१३ मिलिमीटर उरतील अशा कापा. प्लगची खिट्टी खाली, केबलचं तोंड तुमच्याकडे असं धरल्यावर पहिली जागा डावीकडे येते. तारा आत सरकवल्यावर प्लगच्या समोरच्या टोकाकडून पाहा: आठ चकचकीत तांबडे ठिपके दिसले पाहिजेत. सात दिसले तर क्रिम्प करू नका. केबलचं बाहेरचं आवरण प्लगच्या आत, मागच्या दाबपट्टीखाली गेलं पाहिजे. ते बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि काही महिन्यांनी प्लग सैल पडतो. रंगांचा क्रम क्रिम्प करण्याआधी एकदा मोठ्याने वाचा.

## टप्पा ५: प्रत्येक केबल तपासा

इशारा: टेस्टर लावण्याआधी केबल दोन्हीकडून उपकरणांतून काढा. केबलमधून वीज देणाऱ्या स्विचला टेस्टर लागला तर टेस्टर जळू शकतो.

एक ते आठ दिवे दोन्ही बाजूंना त्याच क्रमाने लागायला हवेत. एखादा लागत नसेल तर तार टेकलेली नाही. दोन एकदम लागले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. क्रम बदलला तर रंग चुकले आहेत.

पण एवढ्यावर थांबू नका. टेस्टर फक्त तार जोडली आहे की नाही हे सांगतो, तिच्यातून वेग जाईल का हे सांगत नाही. म्हणून प्रत्येक केबलच्या एका टोकाला गिगाबिट स्विच आणि दुसऱ्या टोकाला गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप लावा आणि लॅपटॉपच्या इथरनेट सेटिंग्जमध्ये लिंकचा वेग पाहा. तिथे १००० मेगाबिट किंवा १ गिगाबिट दिसायला हवं.

१०० दिसलं तर ती मोठी खूण आहे. १०० मेगाबिटला फक्त १, २, ३ आणि ६ या तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणजे लिंक १०० वर घसरली तर आधी निळी आणि तपकिरी जोडी तपासा. त्यांतलीच एखादी तार नीट बसलेली नसण्याची शक्यता सर्वात जास्त. अशा वेळी नेटवर्क कार्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वेग जबरदस्तीने १ गिगाबिट करू नका. गिगाबिटमध्ये दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवणं हा प्रमाणाचाच भाग आहे. सेटिंग 'ऑटो'वरच ठेवा आणि टोक दुरुस्त करा.

लिंक लागल्यावर एक मोठी फाइल कॉपी करून पाहा. वेग सतत वर-खाली होत असेल किंवा लिंक मधेच तुटत असेल तर रंगांचा क्रम दोन्ही टोकांना डोळ्यांनी वाचून घ्या. जोडी फुटल्याचा दोष बहुधा इथेच पकडता येतो.

तपासणी: सर्व केबल गिगाबिटवर लागल्या? आता झाकणं लावा, भिंत बुजवा.

## टप्पा ६: उपकरणं एकामागून एक जोडा

ओएनटी किंवा मोडेमची केबल राउटरच्या वॅन पोर्टला (बाहेरच्या इंटरनेटच्या) लावा. तो बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. राउटरच्या कोणत्याही एका लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमधून स्विचला एकच केबल न्या. दोन लावल्या की वेग दुप्पट होतो असं समजून काही जण दोन लावतात. त्यातून लूप तयार होतो, एकच संदेश गोल गोल फिरत वाढत जातो आणि सगळं नेटवर्क काही क्षणांत ठप्प होतं. एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये गेली तरी हेच होतं. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले तर पहिला संशय याचा घ्या.

चालू करण्याचा क्रम: आधी ओएनटी किंवा मोडेम, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, मग स्विच. सुरुवातीला एकच संगणक जोडा, तो चालला की दुसरा.

इंटरनेट कंपनीने दिलेला डबा स्वतःच राउटर असेल आणि त्यापुढे तुम्ही तुमचा राउटर लावला, तर एकात एक दोन नेटवर्क तयार होतात. ब्राउझिंग चालतं, पण गेम, व्हिडिओ कॉल किंवा बाहेरून घरचा कॅमेरा पाहणं अडखळतं. तुमच्या राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर वॅनचा आयपी (नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता) पाहा. तो १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर बहुधा हाच प्रकार आहे. कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करता लाइन फक्त पुढे देणारा) घ्यायला सांगा किंवा तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवा. १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसला तर एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटणारा थर कंपनीच्या बाजूला आहे, घरातल्या सेटिंग्जने तो बदलत नाही.

जुना राउटर स्विच म्हणून वापरायचा असेल तर तो मुख्य नेटवर्कला जोडण्याआधी त्याचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याचा पत्ता मुख्य राउटरच्याच पट्ट्यातला पण वेगळा द्या, आणि केबल लॅनमधून लॅनमध्ये लावा. त्याच्या वॅन पोर्टला हात लावू नका.

## टप्पा ७: पत्ते

घरात पत्ते वाटणारा एकच असावा, मुख्य राउटर. दोन डीएचसीपी असले की अर्ध्या यंत्रांना एकाचा पत्ता मिळतो, अर्ध्यांना दुसऱ्याचा, आणि प्रिंटर "कधी दिसतो, कधी नाही" ही तक्रार सुरू होते.

राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर वाटपाचा पट्टा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० ठेवा. प्रिंटर आणि स्टोरेज यांचा पत्ता बदलता कामा नये, म्हणून राउटरमध्ये त्यांच्या कारखान्यात ठरलेल्या ओळखक्रमांकासमोर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेससमोर पत्ता राखून ठेवा. यंत्रावर हाताने पत्ता घालायचाच असेल तर तो वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा असू द्या, नाहीतर एके दिवशी राउटर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देईल.

संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर त्याला डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. सेटिंग्ज उलथून पाहण्याआधी केबल आणि स्विचचा दिवा बघा.

तपासणी: वायफाय बंद करा. चालू राहिलं तर तुम्ही केबल तपासताय असं वाटेल आणि प्रत्यक्षात वायफायच तपासत असाल. मग आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करा (उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा), नंतर इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला, शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राउटरच उत्तर देत नसेल तर दोष घरातल्या जोडणीत आहे. राउटर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर राउटरपासून पुढे पाहा. दोन्ही देतात पण नाव चालत नाही, तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बिघडलं आहे.

## टप्पा ८: राउटरला कुलूप

राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद ठेवा. फर्मवेअर केबलवरूनच भरा आणि ते चालू असताना वीज जाणार नाही याची काळजी घ्या.

विंडोजवर फाइल किंवा प्रिंटर वाटून घ्यायचा असेल तर घरच्या नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करा. तो 'पब्लिक' असेल तर संगणक एकमेकांना दिसत नाहीत. त्यासाठी फायरवॉल पूर्ण बंद करण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नका.

## टप्पा ९: वेग मोजा आणि लिहून ठेवा

इंटरनेटची स्पीड टेस्ट घरातलं नेटवर्क मोजत नाही. त्यासाठी दोन संगणकांवर आयपर्फ ३ (दोघांमधला वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा. गिगाबिट लिंकवर साधारण ९४० मेगाबिट दिसले तर केबल पूर्ण क्षमतेने चालते आहे, उरलेला भाग डेटाच्या पाकिटांच्या वेष्टनात, म्हणजे पत्त्यांसारख्या नोंदींत, जातो. फाइल कॉपी करताना सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास वेग अपेक्षित आहे. तो ११-१२ वर अडकला तर लिंक १०० वर घसरली आहे, टप्पा ५ कडे परत जा. मधलाच कुठलातरी आकडा येत असेल तर डिस्कचा वेगही तपासा.

नकाशावर प्रत्येक पॉइंटपुढे स्विचचा पोर्ट, यंत्राचं नाव, राखून ठेवलेला पत्ता आणि मोजलेला वेग लिहा. पुढे एखादा पॉइंट बिघडला तर आधी पॅच कॉर्ड बदला, मग स्विचचा पोर्ट, मग जॅक उघडून तारा पुन्हा दाबा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर लिंकचा वेग नोंदीशी ताडून पाहा. एवढं करूनही फरक पडला नाही, तरच भिंतीतल्या केबलला हात घाला.